वृक्षवाचक स्थलनामे

वृक्षाच्या नावावरून रूढ झालेली गावे, नगरे व क्वचित देश यांची नावे. अशा नामांतून वस्तीच्या आरंभकाळची वनस्पती आणि नाव ठेवणाऱ्या समाजाची भाषा, या दोहोंचा माग लागू शकतो. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ग्रामनामांच्या व्युत्पत्ती शोधताना वनस्पतिवाचक नामांकडे इतिहाससंशोधकांचे लक्ष वेधले.

वृक्ष किंवा नाव ठेवणारे लोक नाहीसे झाले, तरी नाव टिकते. तांबडा रंग देणाऱ्या लाकडाच्या व्यापारावरून ब्राझील देशास नाव मिळाले. पुढे तोच वृक्ष तेथे अतोनात तोडीमुळे दुर्मिळ झाला. जर्मनीतील लाइपसिक हे नाव ‘लिपा’ या स्लाव्ह भाषांतील वृक्षनामापासून आले असे सामान्यतः मानतात. नगरात आज जर्मन बोलली जाते. बडोद्याचे ‘वटपद्रक’ हे रूप इ. स. ८१२ च्या ताम्रपटात आढळते.

चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग) या वनप्रधान जिल्ह्यांत मराठी, गोंडी व तेलुगू या भाषा एकमेकींना भिडतात. त्यामुळे येथील वृक्षनामे विशेष उद्‌बोधक ठरतात. चंद्रपूर–मूल मार्गावरील चिचपल्ली या नावात ‘चिच’ हे चिंचेचे स्थानिक मराठी रूप असून ‘पल्ली’ हे उत्तरपद द्राविडी आहे. दक्षिणेस अहेरी तालुक्यात चिंतलपेठ लागते. तेथे त्याच झाडाचे ‘चिंत’ हे तेलुगू नाव दिसते. गोंडीत आंब्यास ‘मर्का’ म्हणतात. धानोरा तालुक्यातील मरकेगाव हे नाव या शब्दाशी जुळते. मार्कंडा या तीर्थस्थानाचा मात्र त्याच्याशी संबंध नाही, ते मार्कंडेय ऋषींच्या नावाने ओळखले जाते. जांभुळघाट, पळसगाव, आंबेझरी, कोसंबी ही नावे उघड आहेत. या प्रदेशाची कीर्ती सागवानाची. तरीही आलापल्ली व बल्लारपूर या सागवानासाठी गाजलेल्या केंद्रांच्या नावांत साग नाही. फळ, फूल, सावली देणारे झाड गावकऱ्यास जवळचे वाटले असावे. सागाची महती बव्हंशी बाहेरच्या बाजाराने वाढविली.

ध्वनिसाम्यावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. शिवणी हे नाव शिवण वृक्षावरून आले की गावाच्या शिवेवरून, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासावे लागते. ताडोबा (राष्ट्रीय उद्यान, १९५५) या नावात ताड शोधण्याचा मोह होतो. परंतु परंपरा ते तारू या गोंडांच्या देवतेशी जोडते. गंमत अशी, की लोककथेत ताड आहेच. तळ्याकाठी दिवसा वाढणारे व सायंकाळी जमिनीत शिरणारे एक ताडाचे झाड होते. एक यात्रेकरू त्याच्या शेंड्यावर बसला. झाडाने त्यास आकाशात नेले व सूर्याच्या ज्वाळांत तो जळून गेला. मग झाडाची माती झाली आणि त्या जागी देवाची मूर्ती प्रकटली. नावाची उपपत्ती सांगण्यासाठी अशी कथा नंतरही रचली जाऊ शकते. तिच्यावरून मूळ नाव वृक्षवाचक होते असे सिद्ध होत नाही.

औद्योगिक काळात नामकरणाची रीत पालटली. चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत्‌ केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला; केंद्राच्या वसाहतीस मिळालेले ऊर्जानगर हे नाव तेथील उद्योगाचे आहे, भूमीवरील कोणत्याही झाडाचे नव्हे. तेथून उत्तरेकडे ताडोब्याच्या वाटेवर मोहर्ली लागते व हे नाव मोहाच्या झाडाशी जोडले जाते.

महसुली दफ्तरात एकाच वृक्षाच्या नावाची अनेक गावे आल्याने त्यांना पुरवणी नावे लावावी लागली. चंद्रपूर जिल्ह्यात पळसगाव (जाट) व पळसगाव (पिपर्डा) अशी वेगळी गावे आहेत. त्यांतील पिपर्डा हे नावही पिंपळाकडे निर्देश करणारे दिसते.