पाहुण्यांपुरती साखर
आजीच्या फडताळात साखरेचा डबा वरच्या फळीवर, गुळाची ढेप खाली. रोजचा चहा गुळाचाच. दूध नासू नये म्हणून गूळ ती भांडं उतरवल्यावर घाली. साखर पाहुण्यांना, नाहीतर सत्यनारायणाच्या शिऱ्याला. यात संयम वगैरे नव्हता; रेशनवर मोजूनमापून मिळे, इतकंच.

१९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, देशात कारखाने वाढले. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचं हे काम मोठंच. पण ऊस वाढला, तशी साखर रोजच्या कपात उतरली.

आता डॉक्टरांनी ‘साखर सोडा’ म्हटलं, की लोक गुळाकडे वळतात. मधुमेह असेल तर गूळही साखरच समजा, आणि मोजूनच घाला.