‘स्टॉकर’ : वाया गेलेल्या रिळांनंतरचा चित्रपट

आंद्रेई तारकोव्हस्की यांनी १९७९ मध्ये पूर्ण केलेला ‘स्टॉकर’ हा सोव्हिएत चित्रपट विज्ञानपटांच्या प्रत्येक गंभीर यादीत असतो. पडद्यावर मात्र विज्ञानकथेच्या खुणा शोधाव्या लागतात. सुमारे दोन तास चाळीस मिनिटांत तीन माणसे ओल्या गवतातून आणि पडक्या इमारतींतून चालतात, थांबतात, भांडतात आणि परत येतात. या एवढ्याशा कथानकावर गेली चार दशके पुस्तके लिहिली जात आहेत. इंग्रज लेखक जेफ डायर यांनी तर २०१२ मध्ये चित्रपटाचा जवळजवळ शॉटगणिक मागोवा घेणारे ‘झोना’ हे संपूर्ण पुस्तक लिहिले.

चित्रपटाचे मूळ अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंच्या १९७२ च्या ‘रोडसाइड पिकनिक’ या कादंबरीत आहे. परग्रहावरचे कोणी पृथ्वीवर क्षणभर थांबून गेले आणि सहलीला आलेल्यांनी रस्त्याकडेला कचरा टाकावा तशा अगम्य वस्तू मागे टाकून गेले, अशी तिची कल्पना आहे. त्या निषिद्ध प्रदेशातून, म्हणजे ‘झोन’मधून, चोरून वस्तू आणणारा तो स्टॉकर. हा शब्द लेखकांना मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’वरून सुचला. अर्कादी यांनी तरुणपणी त्या पुस्तकाचे भाषांतर केले होते. पुढे चित्रपटामुळे तो रशियन भाषेत असा रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

चित्रीकरण प्रथम ताजिकिस्तानात व्हायचे होते. भूकंपामुळे तो बेत रद्द झाला. त्यानंतर एस्टोनियात ताल्लिनजवळ, यागाला नदीकाठच्या बंद पडलेल्या जलविद्युत केंद्रांची जागा मुक्रर झाली. १९७७ च्या उन्हाळ्यात छायाचित्रकार गिओर्गी रेरबर्ग यांनी बाह्यचित्रीकरणाचा मोठा भाग पुरा केला. त्यासाठी परदेशी कोडॅक फिल्म वापरली होती. मॉस्कोत ती धुतली गेली तेव्हा चित्रे हिरवट आणि निरुपयोगी निघाली. दोष प्रयोगशाळेचा, फिल्मचा की छायाचित्रकाराचा, याबद्दल संबंधितांत अखेरपर्यंत एकमत झाले नाही. रेरबर्ग बाहेर पडले. १९७८ च्या एप्रिलमध्ये तारकोव्हस्की यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारी निधीवर चालणाऱ्या व्यवस्थेत चित्रपट तिथेच संपायचा. पण तो दोन भागांचा असल्याचे दाखवून दिग्दर्शकाने जादा पैसा आणि फिल्म मंजूर करून घेतली. नोकरशाहीशी वागण्याचे हे कौशल्य त्यांच्या चरित्रकारांनी जरा कमीच गौरवलेले दिसते.

या सक्तीच्या विरामात खरा बदल झाला. पटकथेचे सात-आठ खर्डे आधीच होऊन गेले होते. तारकोव्हस्की यांना आता नायकच वेगळा हवा होता. अर्कादी ताल्लिनहून लेनिनग्राडला भावाकडे आले आणि दोघांनी काही दिवसांत नवी पटकथा लिहिली. तिच्यातून विज्ञानकथेचा साज बहुतेक उतरवला होता. जुना स्टॉकर दांडगा, बेकायदा धंदा करणारा माणूस होता. त्याच्या जागी एक कृश, भेदरलेला, श्रद्धेने झपाटलेला वाटाड्या आला. अलेक्सांद्र कायदानोव्हस्की यांनी तो असा उभा केला आहे की त्याची कणव यावी आणि भीतीही वाटावी. अलेक्सांद्र क्न्याझिन्स्की यांच्या कॅमेऱ्याने १९७८ मध्ये सारे पुन्हा चित्रित झाले.

हा वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला झोनच्या गाभ्यातील खोलीकडे नेतो. तिथे माणसाची इच्छा पूर्ण होते. मात्र आपल्याकडच्या कथांतला कल्पतरू मनात येईल ते देतो. ही खोली मनाच्या तळाशी असेल ते देते. स्टॉकरचा गुरू ‘साळिंदर’ आपल्या मेलेल्या भावासाठी तिथे गेला होता. परतल्यावर त्याला अमाप पैसा मिळाला आणि थोड्याच दिवसांत त्याने गळफास घेतला. चित्रपटाचा सारा ताण या एका उपकथेत आहे. इतकी वाट तुडवून तिघे उंबरठ्याशी बसून राहतात; आत कोणीच पाऊल टाकत नाही. प्राध्यापकाने खोली उडवून देण्यासाठी बाँब आणलेला असतो, तोही त्याला वापरवत नाही.

शहरातील दृश्ये मळकट तपकिरी रंगात आहेत. झोनमध्ये शिरताच हिरवा रंग उमलतो. त्याआधीचा रेल्वे ट्रॉलीचा प्रवास जवळजवळ चार मिनिटे चालतो. कॅमेरा तिघांच्या चेहऱ्यांवर, मानांवर खिळलेला असतो आणि रुळांचा खडखडाट नकळत एदुआर्द आर्तेम्येव यांच्या इलेक्ट्रॉनिक ध्वनीत विरघळतो. मुख्य स्वररचनेत त्यांनी अझरबैजानी तार या वाद्याला अखंड आधारसुराची जोड दिली. ती कल्पना भारतीय संगीतातली असल्याने आपल्या श्रोत्याला तिथे तंबोऱ्याची आठवण होते. संपूर्ण चित्रपटात १४२ शॉट आहेत. गती वाढवा, असे अधिकाऱ्यांनी सुचवले तेव्हा, चुकून आलेल्या प्रेक्षकांना निघून जायला वेळ मिळावा म्हणून सुरुवात आणखी संथ हवी, असे उत्तर दिग्दर्शकाने दिल्याचे सांगतात. १९८० मध्ये कान महोत्सवात त्याला एक्युमेनिकल ज्युरीचे पारितोषिक मिळाले. मायदेशी मोजक्याच प्रती निघूनही चाळीस लाखांवर तिकिटे विकली गेली.

या निर्मितीची किंमत पैशात मोजण्याजोगी नव्हती, असे मानणारेही आहेत. नदीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाना होता आणि पाण्यावरून पांढरा फेस वाहत येई, असे ध्वनिसंयोजक व्लादिमीर शारून यांनी पुढे सांगितले. लेखकाची भूमिका करणारे अनातोली सोलोनित्सिन १९८२ मध्ये आणि तारकोव्हस्की डिसेंबर १९८६ मध्ये पॅरिसला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. शारून या मृत्यूंचा संबंध त्या पाण्याशी लावतात. वैद्यकीयदृष्ट्या तो सिद्ध झालेला नाही; पण तो फेस चित्रपटात दिसतो आणि हे कळल्यावर ती दृश्ये पूर्वीसारखी पाहता येत नाहीत.

त्याच वर्षी २६ एप्रिलला चेर्नोबिल घडले. कुंपण घातलेला प्रदेश, ओस पडलेल्या इमारती, माजलेले रान, दिसत नसलेला धोका आणि पहारेकऱ्यांना चुकवून आत जाणारी माणसे, असे सात वर्षांपूर्वीचे चित्र प्रत्यक्षात उतरले. चोरून शिरणारे स्वतःला ‘स्टॉकर’च म्हणवू लागले. २००७ मध्ये युक्रेनमधील एका कंपनीने याच नावाचा, चेर्नोबिलच्या भूमीवर घडणारा संगणकीय खेळ काढला. आज अनेक तरुण त्या खेळामुळे चित्रपटाकडे वळतात आणि पहिल्या अर्ध्या तासात बुचकळ्यात पडतात. मोसफिल्म या मूळ निर्मितिसंस्थेने आपल्या यूट्यूब वाहिनीवर तो इंग्रजी उपशीर्षकांसह उपलब्ध केला आहे. पाहताना दिवे मालवून आवाज मोठा ठेवावा. अखेरच्या दृश्यात टेबलावरचे पेले मुलीच्या नजरेने सरकतात की जवळून जाणाऱ्या आगगाडीच्या हादऱ्याने, हे ठरवायला कानही लागतात.