चार नंबरच्या वॉर्डातली खोली

हमरियातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक सिस्टर राहतात. मी सकाळी ऑफिसला निघतो तेव्हा त्या नाइट ड्युटी संपवून जिना चढत असतात. एकदा मी विचारलं, "ताई, एवढा ताण कसा सोसता हो?" त्या म्हणाल्या, "दादा, मी केईएमची. शिकायला गेले तेव्हाच आम्हाला अरुणाकडे नेलं होतं." सर्व्हर बंद पडला की दोन दिवस 'स्ट्रेस, स्ट्रेस' करणारा मी गप्पच झालो.

अरुणा शानबाग कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. परळच्या केईएम रुग्णालयात नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असता तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. वय अवघं २५. मेंदूला इजा झाली ती कायमची. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही.

आता विचार करा, दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत ड्युटीवर जाणाऱ्या बाकीच्या मुलींचं काय झालं असेल? मुंबईतल्या नर्सेसनी संप केला, सुरक्षितता मागितली. पण संप संपतो, रात्रपाळी संपत नाही. आमच्या क्षेत्रात ताण घालवायला शिबिरं भरतात, हॉटेलात, जेवणासकट! या बायकांनी मात्र त्या भीतीलाच आपल्या ड्युटीत घेतलं. चार नंबरच्या वॉर्डालगतच्या खोलीत ४२ वर्षं त्यांनी अरुणाला भरवलं, न्हाऊ घातलं. नव्या विद्यार्थिनींना तिच्यापाशी नेऊन सांगत, ही आपल्यातलीच एक. १९८० च्या दशकात महापालिकेने तिला हलवायचं ठरवलं, तेव्हा निदर्शनं करून तो बेत हाणून पाडला.

पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला फेटाळली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही अंगावर शय्याव्रण नाहीत, याची निकालात नोंद आहे. अशा जगण्याला अर्थ काय, हा विराणींचा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. सिस्टरना तो मुळीच पटत नाही. आमचा यावर वाद झालाय.

१८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियाने गेली. सिस्टर तेव्हा मस्कतमध्येच होत्या. मैत्रिणीच्या फोनवरून कळलं. "मग?" मी विचारलं.

"मग काय? रात्री ड्युटी होती. गेले."