हिंगण्याच्या माळावरून जगाकडे : महिला विद्यापीठाच्या परदेशसंबंधांचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील मुलींनी परदेशी जाऊन विद्या संपादन करणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. निकालाचे दिवस आले की कोणाची कन्या अमेरिकेस निघाली, कोणाची नात जर्मनीत शिकते, अशा वार्ता कानी येतात व ऐकून समाधान वाटते. विद्यापीठेही आता परदेशी विद्यापीठांशी करार करतात, अध्यापकांची देवघेव करतात आणि या संबंधांना भूषण मानतात. हे सर्व योग्यच आहे. तथापि, ज्या काळी एका हिंदुस्थानी विद्यापीठापाशी स्वतःची इमारत नव्हती, सरकारची मान्यता नव्हती आणि विद्यार्थिनी मोजण्यास एका हाताची बोटे पुरत होती, त्या काळीही त्या विद्यापीठाचा जगाशी संबंध जडलेला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. ते विद्यापीठ म्हणजे आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. त्याच्या परदेशसंबंधांचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्यापीठाचे संस्थापक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. मुरूड हे त्यांचे गाव. गणिताचा अभ्यास करून १८८४ साली ते पदवीधर झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुढे ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे, म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

या विवाहातच आमच्या विषयाचा पहिला धागा सापडतो. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विद्यार्थिनी. हे सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले, आणि ते उघडण्यास लागणारे द्रव्य अमेरिकेतील बोस्टन येथे रमाबाईंसाठी स्थापन झालेल्या साहाय्यक मंडळीने पुरविले होते. कोकणातील एका बालविधवेला पाटीवरची अक्षरे गिरवता आली, त्यामागे सातासमुद्रांपलीकडील अनोळखी स्त्रियांच्या वर्गण्या होत्या. कर्व्यांच्या घरात परदेशाचा संबंध शिरला तो असा, पत्नीच्या शिक्षणाच्या रूपाने.

ज्ञातीच्या स्मरणिकेत हा इतिहास लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. या विवाहानंतर मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांच्या वृद्ध मातेस व भावाबहिणीसही त्याची झळ सोसावी लागली. ज्या गावच्या हितासाठी मुरूड फंडासारखे कार्य कर्व्यांनी चालविले होते, त्याच गावात त्यांना आपल्या घरी उजळ माथ्याने राहता येईना. हा दोष एका गावाचा किंवा एकाच ज्ञातीचा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु त्या काळात विधवेशी विवाह करणाऱ्याला आपल्या ज्ञातीने मांडीला मांडी लावून जेवू घातले असते काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारून पाहावा. आमचे उत्तर अभिमान वाटावा असे नाही.

१८९६ साली कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी मंडळी स्थापिली आणि १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन व पैसा दिला. तेथे प्रथम उभी राहिली ती एक झोपडी. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे चार मैलांची वाट पायी तुडवीत हिंगण्यास जात आणि सकाळी परत येत. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. येथवरचे कार्य हे दुःखितांच्या उद्धाराचे कार्य होते. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढावे, हा विचार अजून दूर होता.

तो विचार जपानातून आला. १९१५ साली टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस भरावयाच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. अध्यक्षीय भाषणाची तयारी चालू असता ही पुस्तिका त्यांना मार्गदर्शक झाली, आणि त्या परिषदेत त्यांनी हिंदी महिलांच्या विद्यापीठाची कल्पना लोकांपुढे मांडली.

हे जपानी विद्यापीठ १९०१ साली जिन्झो नारुसे या गृहस्थांनी स्थापिले होते. योगायोग असा की, नारुसे यांचा जन्मही १८५८ सालचाच. त्यांनी १८९० नंतरची काही वर्षे अमेरिकेत राहून तेथील शिक्षणपद्धती अभ्यासिली आणि स्वदेशी परतून १८९६ साली स्त्रीशिक्षणावर ग्रंथ लिहिला. मुलीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची नागरिक म्हणून शिक्षण द्यावे, असा त्यांच्या शिकवणीचा क्रम होता. गृहशास्त्र, जपानी वाङ्मय व इंग्रजी वाङ्मय या तीन शाखांनी त्यांच्या संस्थेचा आरंभ झाला. अमेरिकेत पाहिलेली गोष्ट नारुसे यांनी जपानी साच्यात घातली आणि जपानात घडलेली गोष्ट कर्व्यांनी हिंगण्याच्या मातीत लावली. विचारांचा प्रवास हा असाच होत असतो. मात्र प्रत्येक मुक्कामावर त्यास तेथील पाणी मिळावे लागते.

येथे कर्व्यांचा विवेक दिसून येतो. जपानने केले म्हणून जसेच्या तसे आपण करावे, असे त्यांनी म्हटले नाही. जपानी मुली जपानी भाषेत शिकत होत्या, यातील मर्म त्यांनी हेरले. त्या काळी हिंदुस्थानातील सर्व विद्यापीठांत उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते आणि मुलींची निम्मी शक्ती परकी भाषा पेलण्यातच खर्ची पडे. म्हणून १९१६ साली पाच विद्यार्थिनींनिशी जे भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले, त्यात शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरले आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय म्हणून ठेवण्यात आला. म्हणजे परदेशी उदाहरणापासून कर्वे जे शिकले ते स्वभाषेवरील निष्ठा. पुढे मराठीबरोबर गुजराथीतूनही या विद्यापीठाचे अध्यापन होऊ लागले. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले व रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिले कुलगुरू. १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेलेले भांडारकर आणि केंब्रिजला गणितात सर्वप्रथम आलेले परांजपे हे दोघेही परदेशी विद्येचे मोल जाणणारे होते. तरीही मातृभाषेतून पदवी देणाऱ्या या विद्यापीठाच्या शिरोभागी ते उभे राहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

गृहजीवनास उपयोगी अशा विषयांवर त्या काळी दिला गेलेला भर आजच्या वाचकास खटकेल. स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या शिक्षणाहून वेगळे असावे, हे कर्व्यांचे मत त्या वेळीही सर्वांस मान्य नव्हते; आम्हांसही ते आज मान्य करता येत नाही. परंतु विद्यापीठ त्या मतापाशी थांबले नाही. ज्या संस्थेत गृहशास्त्राला अग्रस्थान होते, त्याच संस्थेत आज मुली अभियांत्रिकी शिकतात. आरंभीचा आराखडा अपुरा होता, परंतु दार उघडे होते.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. परंतु सरकारी मान्यता नसल्याने या पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत काय, हा प्रश्न पालक विचारीतच होते. अशा संस्थेने लोकांपुढे, आणि शक्य तर जगापुढे, जाऊन आपला हिशेब द्यावा, हे ओघानेच आले.

हिंगण्याच्या स्त्रियांनी याचा परिपाठ आधीच घालून दिला होता. बाया कर्व्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या विधवा होऊन आश्रमात आल्या, तेथेच शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता, १९१८ साली, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी धड येत नव्हते, ओळखदेख नव्हती. परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकून घेतली, लोकांना हिंगण्याची हकीकत सांगितली आणि १९२० साली त्या परत आल्या. १९२८ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ज्ञातीतील ज्या भगिनी आज परदेशी विद्यापीठांत वसतिगृहाची भांडी घासून शिक्षणाचा खर्च भागवितात, त्यांनी आपल्या या आजीला विसरू नये.

स्वतः कर्वे निघाले ते १९२९ च्या मार्च महिन्यात. त्यांचे वय त्या वेळी सत्तर वर्षे पूर्ण होऊन एकाहत्तराव्याकडे झुकले होते. आपल्याकडे ज्या वयात काशीयात्रेचे बेत होतात, त्या वयात हा गृहस्थ विद्यापीठाची झोळी घेऊन समुद्रापार गेला. लंडनमध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणावर व्याख्यान दिले. जुलै-ऑगस्टमध्ये जिनीव्हाच्या शिक्षणपरिषदेत उच्च स्त्रीशिक्षणाच्या हिंदी प्रयोगाची माहिती सांगितली. त्यानंतर डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता, तेथेही ते उपस्थित राहिले. पुढे अमेरिकेत अनेक ठिकाणी व्याख्याने देऊन ते जपानात उतरले आणि १९३० च्या एप्रिलमध्ये स्वदेशी परतले.

टोकियोस त्यांनी ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. ज्या संस्थेची पुस्तिका वाचून पंधरा वर्षांपूर्वी मनात बीज पडले, तिच्या आवारात कर्वे उभे राहिले. परंतु नारुसे यांची भेट होणे नव्हते. ते १९१९ मध्येच दिवंगत झाले होते. एकाच वर्षी जन्मलेल्या आणि एकाच कार्यास आयुष्य वाहिलेल्या या दोन पुरुषांची जन्मात कधी गाठ पडली नाही.

या प्रवासाचा शीण पुरता उतरतो न उतरतो तोच, १९३० च्या डिसेंबरात, कर्वे पुन्हा निघाले. या वेळी सुमारे पंधरा महिने ते आफ्रिकेत हिंडले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका या प्रदेशांत स्थायिक झालेल्या हिंदी बांधवांकडे ते गेले. यांपैकी टांगानिका व झांजिबार मिळून आजचे टांझानिया झाले आहे आणि पोर्तुगीज मुलूख म्हणजे आजचे मोझांबिक. युरोप-अमेरिकेत त्यांनी आपला प्रयोग विद्वानांपुढे मांडला. आफ्रिकेत तो दुकानदार, कारकून, कारागीर अशा आपल्याच माणसांपुढे मांडला. परक्याकडून शिकणे जसे विद्यापीठाचे काम, तसेच दूर गेलेल्या आपल्या माणसांशी संबंध राखणे हेही त्याचे काम, ही दृष्टी यात होती.

याच सुमारास त्यांच्या स्नुषा इरावतीबाई बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी विद्यापीठाच्या कुलसचिवपदाची धुरा वाहिली. ज्या घरातील सासूचे शिक्षण बोस्टनच्या वर्गण्यांवर झाले, त्या घरातील सून जर्मनीतील विद्यापीठाची पदवी घेऊन येते आणि मातृभाषेतून शिकविणाऱ्या विद्यापीठाचे दप्तर सांभाळते! सुमारे चाळीस वर्षांत घडलेले हे स्थित्यंतर आम्हांस कोणत्याही करारापेक्षा बोलके वाटते.

१९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. १९४९ साली मुंबई सरकारने कायदा केला आणि १९५१ पासून विद्यापीठास कायद्याचे अधिष्ठान लाभले. जपानातील त्या संस्थेसही देशाच्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. दोन्ही संस्थांनी नाव आधी धारण केले आणि त्या नावास पात्र होऊन मग मान्यता मिळविली. कर्व्यांस १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

या इतिहासापासून ज्ञातीने काय घ्यावे? आम्हांस दोन गोष्टी सुचतात. पहिली ही की, परदेशी शिक्षणासाठी साहाय्य मागणाऱ्या मुलीस आपण तिच्या गुणांविषयी विचारतो, विद्यापीठाच्या नावलौकिकाविषयी विचारतो. परंतु तिकडून काय आणशील आणि इकडचे काय घेऊन जाशील, हे क्वचितच विचारतो. कर्व्यांनी पुस्तिका आणली ती जपानची, पण तिच्यातून उभे केले ते मराठीतून शिकविणारे विद्यापीठ; आणि जिनीव्हास जाऊन सांगितला तो हिंगण्याचा अनुभव. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ज्या माणसास गावाने वाळीत टाकले, त्याचे नाव आज प्रत्येक ज्ञाती आदराने घेते. असा आदर साठ-सत्तर वर्षे उशिरा देण्यात पुरुषार्थ नाही. आज आपल्याच एखाद्या घरात, लग्नाच्या, पतिनिधनाच्या किंवा ज्ञातीबाहेर दिलेल्या शब्दाच्या कारणाने, कोणी मुलगी शिक्षणापासून अडविली जात असेल, तर तिच्यासाठी शब्द टाकणे हे आपले पहिले कर्तव्य होय. तेवढे केले, तर बोस्टनच्या त्या अनोळखी भगिनींच्या ऋणातून आपण अंशतः तरी उतराई होऊ.