देवगडच्या गोंड गादीची वाटचाल

भंडाऱ्याचा इतिहास सांगायला आपण बसतो ते थेट भोसल्यांपासून. त्याआधी या मुलखावर देवगडच्या गोंड राजांचा अंमल होता, हे एका ओळीत उरकले जाते. मला ते खटकते.

या गादीचा भरभराटीचा काळ बख्त बुलंद शाहचा. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला, पण सोयरीक गोंड घराण्यांतच ठेवली. बारा वस्त्या जोडून नागपूर वसवले. तुमसरजवळचा आंबागडही त्याच्याच कारकिर्दीतला. १७००च्या सुमारास राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे बख्त बुलंदचा वारस चांद सुलतान याने राजधानी नागपुरात आणली.

चांद सुलतान गेला आणि भाऊबंदकी उफाळली. १७३८च्या सुमारास बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वली शाह याने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरने अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावले. मराठी फौजेने वैनगंगेकाठची पवनी घेतली, मग भंडाऱ्याचा किल्ला. वली शाह कैद झाला. राणीने रघुजींना तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला. तिला दोष देणे सोपे आहे; पण पोरांचा जीव धोक्यात असताना तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता?

पाच वर्षे उलटली नाहीत तोच दोघे भाऊ भांडले. १७४३मध्ये रघुजी पुन्हा आले, बुऱ्हाण शाहच्या बाजूने. अकबर शाह निजामाच्या आश्रयाला गेला. तिथे त्याच्यावर विषप्रयोग झाला. रघुजी मात्र आता परतले नाहीत. त्यांनी नागपूरच आपली राजधानी केली.

घरचे भांडण परक्या बळावर लढणाऱ्या सत्तेचे हाल कंबोडियातही दिसले. १९७०मध्ये पंतप्रधान लोन नोलने राष्ट्रप्रमुख सिहानुकला हटवले आणि ख्मेर प्रजासत्ताक उभे केले, ते अमेरिकेच्या भरवशावर. ती मदत आटली आणि १७ एप्रिल १९७५ रोजी राजधानी नॉम पेन्ह पडली. तिथे पाठीराखा निघून गेला. इथे तो मुक्कामालाच राहिला.

बुऱ्हाण शाहला तनखा मिळाला, राजा हे नावही राहिले. नवा भोसला गादीवर बसला की त्याच्या कपाळी टिळा लावायचा मान गोंडराजाचा. महसुलाच्या काही कागदांवर शिक्काही त्याचाच. याला नुसता देखावा म्हणणे मला पटत नाही. ही भूमी आधी कोणाची, याची कबुली त्या टिळ्यात होती.

१८५४मध्ये डलहौसीने भोसल्यांचेही राज्य खालसा केले आणि भंडारा इंग्रजांकडे गेला. गोंडराजाचे घराणे तेव्हाही नागपुरात नांदत होते, आणि त्याचा तनखा इंग्रजांनी चालू ठेवला.