यवतमाळचे परदेशी मास्तर

वऱ्हाडात आणि नागपूर प्रांतात परदेशी शिक्षक कायमचे राहायला आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. यवतमाळात ते पोहोचले त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात आणि १९८३ पर्यंत राहिले. त्यांतले बहुतेक सरकारी नोकर नव्हते. सरकारी शिक्षणखात्यातला इंग्रज अधिकारी ठरलेल्या पगारावर येई, बदली झाली की जाई, आणि त्याचे सगळे जग सिव्हिल लाइन्समध्ये मावत असे. मिशनचा शिक्षक मात्र आयुष्याची वीस-तीस वर्षे इथेच काढायची या हिशेबाने बोटीत बसे. त्यामुळे नव्या मुलखात रुजण्याचा प्रश्न त्याच्यापुढे जितका खरा होता, तितका कलेक्टरपुढेही नव्हता.

या रुजण्याची रीत यवतमाळच्या आधी मुंबई आणि नगरकडे घडली होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८२७ च्या अखेरीस त्यांच्यात सिंथिया फरार दाखल झाल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेल्या पहिल्या मोजक्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. मुलींच्या शाळा उभारायच्या हेच त्यांचे काम. १८३९ मध्ये त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांचे शिक्षक-प्रशिक्षण फरारबाईंच्या नगरच्या शाळेत झाले, एवढे एकच काम नोंदवले तरी त्यांच्या चौतीस वर्षांच्या वास्तव्याचे मोल कळते. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, तेव्हा मुंबईत शाळा काढण्याआधी ते मराठी शिकण्यासाठी पत्नीसह कोकणात, हर्णै-बाणकोटच्या बाजूला जाऊन राहिले. आधी विद्यार्थी व्हायचे आणि मग शिक्षक, हा क्रम तेव्हापासून मराठी मुलखातल्या जवळपास सगळ्या मिशनांनी पाळला.

विदर्भात ही रीत आणली स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हिस्लॉप १८४५ च्या आरंभी नागपुरात आले, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. तिचेच पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज झाले. या माणसाची जिज्ञासा शाळेच्या भिंतींत मावणारी नव्हती. नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म त्यांनी असे बारकाईने पाहिले की भारतीय भूगर्भशास्त्रात त्यांचे नाव कायमचे राहिले. एका खनिजाला ‘हिस्लोपाइट’ म्हणतात ते त्यांच्यावरून. गोंडांमध्ये फिरून त्यांनी त्यांच्या भाषेची आणि लिंगोच्या गीताची टिपणे केली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटकडची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना सेहेचाळीसही पूर्ण नव्हती. त्यांची टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये संपादून छापली. मुलखाची माती, भाषा आणि माणसे यांच्याकडे इतक्या आस्थेने पाहणारा दुसरा परदेशी शिक्षक विदर्भाला पुन्हा क्वचितच लाभला.

यवतमाळची गोष्ट निराळी. हे राजधानीचे शहर नव्हते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, आणि हा जिल्हा कित्येक वर्षे वणीच्या नावानेच ओळखला जाई. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव १९०५ चे. १९०१ च्या सुमारास गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली, पण ती यवतमाळला बगल देऊन गेली. धामणगाव स्टेशनात उतरायचे आणि पुढचे पंचेचाळीसएक किलोमीटर बैलगाडीने किंवा टांग्याने तुडवायचे, ही तेव्हाची वाट. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद मापाची गाडी, जिला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले, विसाव्या शतकाच्या आरंभी कापसासाठी आली. सुमारे ११३ किलोमीटरच्या या मार्गाने कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि परदेशी पाहुण्यांच्या पेट्या आत आल्या.

या आडबाजूच्या गावाची निवड केली फ्री मेथडिस्ट या अमेरिकन मंडळीने. १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मूळ मेथडिस्ट चर्चपासून ती फुटून निघाली. चर्चमधल्या बैठका भाड्याने देण्याची पद्धत तिला मान्य नव्हती आणि गुलामगिरीला तिचा विरोध होता. साधी राहणी हा तिच्या श्रद्धेचाच भाग. तिचे पहिले प्रतिनिधी अर्नेस्ट आणि फिबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ च्या आरंभी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या पाठीशी ठराविक पगार देणारे मंडळही नव्हते. प्रथम ते बुऱ्हाणपूरला राहिले, मग मध्य प्रांतात फिरले. मराठी वाचकांना अर्नेस्ट वॉर्ड यांची ओळख नकळत झालेली असते. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एक परदेशी गृहस्थ भेटला आणि त्याने बायबलची प्रत दिली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. तो गृहस्थ म्हणजे वॉर्डच, असे मानले जाते. वॉर्ड पतिपत्नींनी या वर्षांवर लिहिलेले पुस्तक १९०८ मध्ये निघाले. मंडळीचे मुख्य ठाणे यथावकाश यवतमाळला स्थिरावले, आणि पांढरकवड्याजवळच्या उमरीला तिने दवाखाना चालवला.

नव्याने आलेल्या शिक्षकाची पहिली दोन वर्षे भाषेत जात. त्याच्यासाठी मुन्शी ठेवला जाई. हा बहुधा गावातला एखादा ब्राह्मण शिक्षक किंवा नगरकडून आलेला मराठी ख्रिस्ती असे. रोज सकाळी तास-दोन तास उजळणी, दुपारी लेखन, आणि वर्षाअखेर परीक्षा. बऱ्याच मिशनांत ही परीक्षा उतरल्याशिवाय माणसाला स्वतंत्र काम मिळत नसे, सभेत मतही देता येत नसे. हाताशी मोल्सवर्थचा कोश असे, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि गणपतराव नवलकरांचे १८६८ मध्ये प्रथम छापलेले, इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण. उन्हाळ्यात महाबळेश्वरला मिशनऱ्यांसाठी मराठीचे वर्ग भरत, तिथेही काहींना धाडले जाई.

अडचण पुस्तकाबाहेर सुरू होई. मुन्शी शिकवी ती पुण्या-मुंबईची लेखी मराठी, आणि बाजारात कानावर पडे वऱ्हाडी. ‘करून राह्यला’, ‘काऊन’, ‘पोट्टे’ यांचा पत्ता कोशावरून लागत नसे. दारव्हा, दिग्रस, पुसदकडे गेले की बंजारा तांड्यांवर गोरमाटी, आणि केळापूरच्या बाजूला गोंडी नि कोलामी. मराठीची परीक्षा उत्तम गुणांनी उतरलेल्या शिक्षकालाही जिल्ह्यातल्या कित्येक घरांच्या दारात मुके उभे राहावे लागे. ही दरी भरून काढली ती इथल्याच माणसांनी: शाळेतल्या देशी मास्तरांनी, गावोगाव जाणाऱ्या मराठी बायांनी, घरात काम करणाऱ्यांनी. मिशनच्या अहवालांत त्यांची नावे कमी येतात. पण परदेशी शिक्षकाला बोलायला शिकवले, कोणाच्या घरी कधी जावे, कुठे चपला काढाव्यात, कोणापुढे काय बोलू नये हे समजावले ते त्यांनीच. या इतिहासातला सर्वांत मोठा न्याय अजून त्यांना मिळायचा आहे.

राहणीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटे. जाड भिंतींचा, उंच छताचा, चारी बाजूंनी ओसरीचा बंगला, आवारात विहीर, मागे नोकरांच्या खोल्या, शेजारी शाळा आणि वसतिगृह अशी मिशनच्या आवाराची सर्वसाधारण मांडणी असे. यवतमाळ पठारावर वसलेले, म्हणून भोवतालच्या सखल कापूसपट्ट्यापेक्षा इथली हवा जरा सौम्य. तरी मे महिन्याचे ऊन ते ऊनच. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचे, दुपारी खिडक्या बंद ठेवायच्या आणि शाळा सकाळची करायची, हे सगळे शहाणपण गावाकडूनच घेतलेले. ज्यांना परवडे ते उन्हाळ्याचे काही आठवडे चिखलदऱ्याला काढत. पाणी उकळून घेणे, मच्छरदाणीत झोपणे आणि क्विनाइन जवळ बाळगणे हे पहिल्याच महिन्यात शिकवले जाई. पटकी, प्लेग आणि हिवताप यांनी मिशनच्या दफनभूमी भरल्या होत्या, आणि त्यांत तान्ह्या मुलांच्या कबरी फार.

पाऊस सरून रब्बीची पेरणी झाली की दौरा निघे. बैलगाडीवर तंबू, भांडी, औषधांची पेटी आणि पुस्तके घालून शिक्षक दोन-तीन महिने खेडी हिंडत. गावाबाहेरच्या आमराईत मुक्काम पडे. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण अनेकांच्या अंगवळणी पडले ते या दौऱ्यांत. बंगल्यातल्या पावरोटीच्या जेवणाने जे साधत नसे, ते एखाद्या पाटलाच्या ओसरीवर भाकर मोडताना साधे.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने या शिक्षकांचे काम पार बदलले. वऱ्हाडात त्या वर्षी पीक बुडाले, त्यामागोमाग रोगराई आली आणि हजारो मुले उघडी पडली. यवतमाळच्या मिशनने अनाथ मुलामुलींना ठेवून घेतले. शाळेचे घर झाले. शिकवण्याबरोबर धान्य मिळवणे, कपडे शिवणे, आजारपण काढणे, मुलींची लग्ने लावणे हे सगळे परदेशी बायांवर आले. अशा संस्थांमागे धर्मांतराचा हेतू होता आणि त्याबद्दलचा रोष समाजात होता, हे लपवण्याचे कारण नाही. त्या रोषाला पुढे अधिकृत रूपही मिळाले. पण भुकेल्या मुलाला त्या वर्षी ज्यांनी जगवले, त्यांची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे झाली पाहिजे.

या शिक्षकांच्या स्वतःच्या मुलांचे काय झाले, हा या कहाणीतला सर्वांत दुखरा भाग. सहा-सात वर्षांचे झाले की मूल दूरच्या वसतिशाळेत जाई. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये कोडाईकनालला शाळा निघाली. मसुरीची वुडस्टॉक शाळा त्याहून जुनी, १८५४ ची. यवतमाळहून दोन्ही ठिकाणे म्हणजे रेल्वेचा काही दिवसांचा प्रवास. आई दुसऱ्यांच्या मुलांना वसतिगृहात सांभाळी आणि तिची मुले दुसऱ्या कोणाच्या वसतिगृहात वाढत. पाच-सात वर्षांनी रजेवर मायदेशी जावे, तर तिथे ही मुले परकी ठरत. अशी किती तरी मुले मोठेपणी पुन्हा इथेच कामाला आली. वॉर्ड दांपत्याच्या मुलीने, एथेल वॉर्ड यांनी, आईवडिलांचे चरित्र लिहिले, ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९५३ मध्ये यवतमाळात वेगळ्या प्रकारचे परदेशी शिक्षक येऊ लागले. दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया या संघटनेच्या पुढाकाराने अनेक मंडळ्यांनी मिळून उच्च धर्मशिक्षणाची संस्था काढायचे ठरवले, आणि फ्री मेथडिस्टांनी आपल्या इथल्या मराठी बायबल शाळेची जागा त्यासाठी दिली. हीच युनियन बिब्लिकल सेमिनरी. विद्यार्थी केरळ, आंध्र, नागा टेकड्या, मिझो टेकड्या असे देशभरातून आले. शिक्षक अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंडचे. न्यूझीलंडचे ब्रूस निकोल्स पन्नाशीच्या दशकात इथे धर्मशास्त्र शिकवायला आले आणि पुढे आशियाई धर्मशास्त्राच्या वर्तुळात मोठे नाव झाले. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी होते. यामुळे जुनी घडी मोडली. वॉर्डांच्या काळात वर्गात उभे राहायचे तर मराठी लागे. आता ती बाजारापुरती पुरे. मिझो विद्यार्थी यवतमाळात जितका परका, तितकाच त्याचा शिक्षक. आवारात देशभरातल्या माणसांचे एक जिव्हाळ्याचे गाव तयार झाले, पण त्याचे नाते बाहेरच्या यवतमाळशी सैल होत गेले.

त्याच सुमारास उलट वाटेने गेलेले उदाहरण पश्चिम महाराष्ट्रात दिसते. अमेरिकेच्या मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये हैदराबादला शिकवायला आल्या, पुढे फलटणला राहिल्या, फलटणच्या बोलीवरच त्यांनी संशोधन केले, मराठी शिकणाऱ्यांसाठी पुस्तके तयार केली, भारतीय नागरिकत्व घेतले आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्यामागे मिशन नव्हते. फरारबाईंच्या पिढीची भाषेवरची निष्ठा मात्र त्यांच्या कामात पुरेपूर उतरली.

स्वातंत्र्यानंतर यवतमाळच्या परदेशी शिक्षकाला भाषेपेक्षा कागदपत्रांची काळजी अधिक. जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने परदेशी माणसे आणि परदेशी पैसा या दोहोंवर बोट ठेवले. केंद्र सरकारनेही परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशाचे नियम आवळले. जे काम करायला भारतीय माणूस मिळतो, तिथे नवा परदेशी येऊ देऊ नये, असा त्यांचा रोख. अमेरिकन शिक्षकाला व्हिसा आणि पोलिसांत नोंदणी या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागत. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना मात्र १९८४ पर्यंत व्हिसा लागत नसे, त्यामुळे ब्रिटन आणि न्यूझीलंडच्या माणसांना येणे सोपे होते.

सेमिनरीची सूत्रे हळूहळू भारतीयांकडे गेली. केरळचे डॉ. साफीर अथ्याल प्राचार्य झाले आणि शिक्षकवर्गात भारतीयांची संख्या वाढली. मोठ्या शहरापासूनचे अंतर, प्रवासाची गैरसोय आणि विद्यापीठाचा शेजार नसणे या गोष्टी संस्थेला जाचू लागल्या होत्या. १९८३ मध्ये ती पुण्यात बिबवेवाडीला हलली, आणि परदेशी शिक्षकांनी यवतमाळात घर करून राहण्याचा सुमारे नव्वद वर्षांचा काळ तिथे संपला.