देणाऱ्या बाईचं नाव

वसईच्या किल्ल्यातल्या एका राणीनं आपलं सगळं सोनं चर्चला दिलं आणि मेल्यावर ती तिथंच फरशीखाली निजली, असं माझी आजी सांगायची. राणी कुठल्या देशची, तिचं नाव काय, हे आजीला ठाऊक नव्हतं. तिला ही गोष्ट तिच्या आजीनं सांगितलेली. आम्ही पोरं विचारायचो, "सगळं दिलं? मग जेवली काय?" आजी म्हणायची, "देणाऱ्याला उपाशी ठेवीत नाही देव."

पुढं जोसे गर्सन द कुन्हा या गोव्याच्या डॉक्टर-इतिहासकाराचं चौल आणि वसईवरचं 1876 सालचं पुस्तक हाती आलं आणि आजीच्या राणीचा पत्ता लागला. ती राणी नव्हती, विधवा होती. आणि एक नव्हे, दोघी होत्या. किल्ल्यातल्या जेजुइटांच्या चर्चमधल्या थडग्यांवरचे पोर्तुगीज लेख द कुन्हांनी उतरवून ठेवलेत. एक इझाबेल दे आग्यार, विधवा, या कॉलेजची थोर उपकारकर्ती. मृत्यू 24 जानेवारी 1591. दुसरी दोना फिलिपा दा फोन्सेका. तीही विधवाच. तिनं जवळ होतं नव्हतं ते सारं जिवंतपणीच या चर्चला दिलं, असं तिच्या दगडावर कोरलेलं. मृत्यू 20 जुलै 1628. कित्येक पिढ्या गोष्ट तोंडातोंडी आली, दोघींची एक झाली, विधवेची राणी झाली. पण 'सगळं दिलं' हे काही कुणी विसरलं नाही.

1534 च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1548 मध्ये फ्रान्सिस झेवियरनं इथं जेजुइट पाठवला आणि कॉलेज उभं राहिलं. वसईत जन्मलेला, 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारला गेलेला संत गोन्सालो गार्सिया लहानपणी याच जेजुइटांच्या हाताखाली शिकला. आज लोक त्या चर्चला त्याच्याच नावानं ओळखतात. राजाचा पैसा येत होता, गावांचा वसूलही लावून दिलेला होता. तरीही त्या धर्मगुरूंना दोन बायकांचं देणं दगडात कोरावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं. आणि कोरताना रक्कम लिहिली नाही. किती दिले यापेक्षा, देऊन मागं काय उरलं, हे फिलिपाच्या दगडावर आहे. येशूनं मंदिराच्या दानपेटीसमोर बसून दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यानंही हाच हिशेब धरला होता.

या दोघी विधवाच का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर पोर्तुगीज कायद्यात सापडलं. संसाराच्या मिळकतीतला अर्धा वाटा बायकोचा. पण नवरा असेतो कारभार त्याच्या हाती. तो गेल्यावरच पैसा बाईच्या स्वतःच्या हातात यायचा. म्हणून त्यांची नावं राहिली. त्यांच्या आधी आणि नंतर किती सधवांनी नवऱ्याच्या नावाआडून दिलं असेल, त्यांचा दगड कुठं असणार?

1739 च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूर घेतलं. मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, चर्चमधल्या घंटा गेल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. मागं राहिले ते शेतकरी, कोळी, वाडवळ, कुपारी. तिथून पुढं गावोगावची चर्चेस सांभाळायला राजा नव्हता. भाजीच्या, केळीच्या, पानाच्या पैशावर ती उभी राहिली. आजोबा सांगत, केळीचा पहिला लोंगर चर्चला जायचा, त्याचा लिलाव व्हायचा, आणि पैसेवाला माणूस मुद्दाम चढी बोली लावायचा, कारण ती चारचौघांनी ऐकायची असे. त्यात मला काही वावगं वाटत नाही. डाव्या हाताला कळू नये असं शास्त्र सांगतं, पण एकाचं पाहून दुसऱ्यानं द्यावं यासाठी गावाला कळावंही लागतं. इथल्या पारशांनाही हे ठाऊक होतं. तारापूरची अग्यारी 1820 च्या सुमाराला विकाजी मेहेरजींनी बांधली. पुढं निजामाचे सावकार म्हणून हैदराबादेत नावाजलेलं हे घराणं. दोनशे वर्षं झाली, अग्यारीची गोष्ट निघाली की विकाजींचं नाव निघतंच.

आमच्या गावच्या चर्चचं छप्पर बदललं तेव्हा आजीनं कानातलं मोडून पैसे दिले. त्याआधी कित्येक वर्षं ती पहाटेच्या लोकलनं डोक्यावर भाजीची टोपली घेऊन मुंबईला जायची. ते सोनं त्या टोपलीतून झालेलं. दाराशेजारी देणगीदारांची संगमरवरी पाटी लागली. मी अक्षरं लावून वाचायला शिकले होते. "आजी, तुझं नाव कुठंय?" आजीनं आजोबांच्या नावावर बोट ठेवलं. "हे काय, आहे की." ती नाराज नव्हती. मी मात्र होते, आणि अजून आहे. पाटीवर एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि पहाटेची ती लोकल तर बायकांनीच भरून जायची.

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही बोईसरला आलो. 1969 साली जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि केरळ, तमिळनाडू, मंगळूर, झारखंडहून माणसं आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या प्रार्थनाही आल्या. आधी कुणाच्या तरी खोलीत मिस्सा, मग भाड्याचा हॉल, मग जागेसाठी वर्गणी. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आता आमच्या ओळखीतल्या एका धर्मग्रामात नवं बांधकाम निघालंय. फरशीचा एक फूट एका कुटुंबाचा, बाकडं कुणाच्या तरी स्मरणार्थ, क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं चौदा घरांची, अशी योजना ठरली. योजना चांगली आहे. तिच्यामुळंच पाया भरला गेला. एका कंत्राटी कामगारानं तीन हप्त्यांत एक फूट घेतला, तेव्हा पावती घेताना त्याचा चेहरा मी पाहिलाय.

पण पावतीपुस्तकात 'कुटुंबप्रमुख' असा एकच रकाना होता. बैठकीत मी उठून म्हटलं, जिनं दिले तिचं नाव लिहा, आणि रक्कम पाटीवर नको. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बाई, आकडा नसेल तर मोठी देणगी कोण देईल?" मी त्यांना फिलिपा दा फोन्सेकाची गोष्ट सांगितली. ते गप्प ऐकत राहिले, मग म्हणाले, "माझ्या आईनं पाटल्या दिल्या होत्या. वडिलांच्या नावावर आहेत." रकमेचं अजून ठरलेलं नाही. रकाना मात्र बदलला. आता तिथं 'देणाऱ्याचे/देणारीचे नाव' आहे. जुन्या पावत्या घेऊन आम्ही तिघीजणी रविवारी मिस्सानंतर घरोघर जातो आणि विचारतो, हे पैसे खरे कुणाचे? पुष्कळ घरांत पुरुषच आधी सांगतात.